काउंट ऑरलॉकची रात्र परत आणताना

पहिला प्रश्न वेगाचा निघाला. चित्रपटाला वेग असतो आणि तो कुणीतरी ठरवावा लागतो, हे तोवर माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. फीत लावली की ती आपली चालते, एवढंच मी धरून होते.

माझ्याकडे ‘नोस्फेरातू’ची एक जुनी, स्वस्तातली डिस्क होती. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा १९२२ सालचा हा मूकपट. डोंगरातल्या किल्ल्यात राहणारा रक्तपिपासू काउंट ऑरलॉक जहाजातून विसबोर्ग नावाच्या शहरात येतो, त्याच्याबरोबर उंदीर आणि प्लेग येतो, आणि एलेन नावाची एक स्त्री स्वतःचा जीव देऊन त्याला पहाटेपर्यंत अडकवून ठेवते, अशी त्याची गोष्ट. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे मूळ चित्रपट घरी संगणकावर उघडून बसायला कुणाची आडकाठी नव्हती. मला तो साफ करायचा होता आणि त्याला मराठी पाट्या लावायच्या होत्या. बाबांसाठी. त्यांचं ऐकणं जवळजवळ गेलं आहे. घरात टीव्ही लागला की पाच-दहा मिनिटांत ते उठून गॅलरीत जाऊन बसतात. मूकपट हा एकच असा सिनेमा आहे, जो बघताना आमच्यात आणि त्यांच्यात काही फरक उरत नाही. पण इंग्रजी पाट्या त्यांना तेवढ्या भराभर वाचता येत नाहीत.

धूळ आणि ओरखडे काढायचे, एवढंच काम असेल असं वाटलं होतं. डिस्क संगणकावर घेतली, एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहू लागले, आणि तिसऱ्या-चौथ्या फ्रेमलाच हात थांबला. पडद्यावर दोन ऑरलॉक होते. एक ठळक, आणि त्याच्या किंचित मागे दुसरा, पुसट. पुढच्या फ्रेममध्ये एकच. मग पुन्हा दोन. हे मुर्नाऊनं केलं आहे की माझ्या डिस्कनं, हे कसं ओळखायचं? भुताच्या सिनेमात पुसट माणूस दिसला तर तो दोष म्हणायचा की कला?

माझा आतेभाऊ संकलक आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, धूळ नंतर बघ. आधी वेग काढ.”

वेग काढायचा म्हणजे काय, हे समजून घेण्यात बरेच दिवस गेले. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ फ्रेम हे माप जगभर पक्कं झालं. त्याआधी कॅमेरा हातानं फिरवायचे. दांड्याच्या एका फेऱ्यात ८ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६. पण माणसाचा हात, तो थोडा इकडेतिकडे होणारच. ‘नोस्फेरातू’ सेकंदाला १८ फ्रेमच्या आसपास दाखवतात. आता हाच चित्रपट २४ च्या यंत्रावर चढवला की सगळी माणसं लगबगीनं पळू लागतात. मूकपट म्हटला की दुडुदुडु धावणारी माणसं आपल्या डोळ्यांपुढे येतात ना, ती त्या काळाची नव्हेत. ती चुकीच्या वेगाची आहेत. हे कळलं तेव्हा मला खरोखर राग आला. एका अख्ख्या काळातल्या नटांना आपण हास्यास्पद करून ठेवलं आहे.

कागदावर हिशोब मांडून पाहिला. सेन्सॉरकडे नोंदलेली लांबी १,९६७ मीटर. ३५ मिलीमीटरच्या फितीच्या एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न फ्रेम बसतात, म्हणजे एकूण १ लाख ३ हजारांच्या घरात. सेकंदाला १८ धरल्या तर दीड तासाच्या वर पाच मिनिटं. २४ धरल्या तर जेमतेम ७२ मिनिटं. गोष्ट तीच, नट तेच, आणि भीतीला लागणारा वेळच कापला गेलेला. ऑरलॉक दारातून आत येतो तेव्हा तो फार हळू येतो, हेच तर त्याचं भय आहे.

पुसट ऑरलॉकचं कोडंही इथेच सुटलं. अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला जवळजवळ ३० फ्रेमवर चालत असे, आपला आणि युरोपचा २५ वर. एका मापाची व्हिडिओ प्रत दुसऱ्या मापात बसवताना यंत्र शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळून नवी तयार करतं. माझ्या डिस्कवरचा दुसरा ऑरलॉक त्या मिसळीतून आलेला होता. त्याला काढायचं म्हणजे मिसळलेल्या फ्रेम ओळखून टाकायच्या आणि उरलेल्या शुद्ध फ्रेम ओळीनं लावायच्या. एव्हीसिंथ नावाचं एक फुकट मिळणारं साधन आहे, त्यात हे जमतं. पण त्यात बटणं नाहीत, सगळ्या आज्ञा लिहाव्या लागतात. त्या आज्ञांची भाषा शिकताना मला शाळेतलं बीजगणित आठवत होतं. शेवटी शुद्ध फ्रेमची माळ हाती आली आणि तीही टीव्हीला चालेना, कारण टीव्हीला १८ हा आकडाच माहीत नाही. मग दर तिसरी फ्रेम दोनदा दाखवून १८ च्या २४ करायच्या. चांगल्या कंपन्यांच्या डिस्कवरही मूकपट अशाच, फ्रेम पुन्हा दाखवून बसवलेले असतात, हे कळल्यावर जरा धीर आला.

वेग बरोबर आला की नाही हे कशावरून ठरवायचं? आतेभावानं सांगितलं, “पाणी बघ.” जहाजाच्या प्रसंगात समुद्र आहे. लाट फुटून खाली येते तिला नट व्हावं लागत नाही. १८ वर लाटा लाटांसारख्या पडू लागल्या. काही ठिकाणी मात्र तरीही सगळं झपाट्यानं चाललेलं दिसलं. ऑरलॉकची घोडागाडी जंगलातून येते ती झटक्या-झटक्यानं. मातीनं भरलेल्या शवपेट्या तो गाडीवर चढवतो तेही असंच, आणि शेवटच्या पेटीचं झाकण आपण होऊन सरकत बसतं. हे दोष नव्हेत. कॅमेरा मुद्दाम हळू फिरवून, किंवा एकेक फ्रेम थांबवून घेऊन, मुर्नाऊ आणि त्यांचे छायालेखक फ्रिट्झ आर्नो वाग्नर यांनी ते केलेलं आहे. संगणकाला ते समजत नाही. हालचाल गुळगुळीत करण्याची सोय चालू केली तर ते झाकण एखाद्या सरकत्या दारासारखं अलगद बसतं, आणि प्रसंगातला जीव जातो. नव्या टीव्हींमध्ये ही सोय आधीच चालू करून दिलेली असते. कुणालाही जुना चित्रपट घरी बघायचा असेल तर माझी कळकळीची विनंती आहे: ती आधी बंद करा. आणि पडदा भरावा म्हणून चित्र ताणू नका. त्या काळचं चित्र जवळजवळ चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळी जागा राहू दे.

या सगळ्या खटाटोपात एक प्रश्न मला सारखा अडवत होता. मी कशाशी ताडून बघते आहे? मूळ चित्रपट कुठे आहे?

तो कुठेच नाही. मूळ निगेटिव्ह हरवलेली आहे. ‘नोस्फेरातू’ ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ या १८९७ सालच्या कादंबरीवरून, पण परवानगी न घेता केलेला. प्राना-फिल्म या नव्या कंपनीचा तो पहिला आणि शेवटचा चित्रपट. ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या संगमरवरी सभागृहात त्याचा पहिला खेळ थाटामाटात झाला आणि थोड्याच दिवसांत लेखकाच्या पत्नी फ्लॉरेन्स स्टोकर यांनी दाद मागितली. कंपनीचं दिवाळं निघालं. १९२५ मध्ये निकाल आला: सगळ्या प्रती नष्ट करा. विधवेच्या हक्काचा प्रश्न खरा होता, आणि त्या बाईंवर मी रागावू शकत नाही. पण निकालापर्यंत काही प्रती देशाबाहेर गेल्या होत्या, म्हणून आज आपल्याला हा चित्रपट दिसतो. आपल्या मूकपटांच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळंच उरली आहेत, आणि २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा गेला. नायट्रेट एकदा पेटलं की विझत नाही. जळायला लागणारा प्राणवायू ते स्वतःच पुरवतं.

‘नोस्फेरातू’च्या बाहेर गेलेल्या प्रती तरी एकसारख्या कुठे राहिल्या? अमेरिकेत फिरलेल्या प्रतीत ऑरलॉकचा ड्रॅक्युला झाला, विसबोर्गचं ब्रेमेन झालं, एलेनचा नवरा हुटर, त्याचा जोनाथन झाला. माझ्या डिस्कवर हीच नावं होती. १९३० साली तर कुणीतरी नवे प्रसंग घालून, आवाज जोडून, ‘बारावी घटका’ अशा अर्थाच्या नावानं तो पुन्हा बाजारात आणला. जर्मनीतल्या मुर्नाऊ प्रतिष्ठानासाठी स्पॅनिश अभ्यासक लुसियानो बेरियातूआ यांनी २००५-०६ मध्ये जे पुनरुज्जीवन केलं, ते या सगळ्यांतून. पॅरिसच्या सिनेमातेक फ्रांसेझमध्ये १९२२ ची, फ्रेंच पाट्या असलेली, रंगवलेली नायट्रेट प्रत होती. तिचा पाया धरला. तिच्यात नसलेली दृश्यं जर्मन राष्ट्रीय संग्रहातल्या १९३९ च्या प्रतीतून आणि त्या १९३० च्या आवृत्तीतून घेतली. बहुतेक मूळ जर्मन पाट्या १९६२ च्या एका प्रतीत सापडल्या. प्रयोगशाळेचं काम इटलीत बोलोन्याच्या लिम्माजिने रित्रोवाता इथे झालं.

त्या पुनरुज्जीवनाची डिस्क मी मागवली. तिच्यातलं चित्र उचलायचं नव्हतं, ते त्यांच्या कष्टाचं आहे. मला फक्त शेजारी ठेवून बघायचं होतं. बघितलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. माझा चित्रपट काळा-पांढरा होता. त्यांचा निळा होता, पिवळा होता, गुलाबी होता.

मूकपट काळे-पांढरे असत ही माझी समजूत इतकी पक्की होती, की आधी मला ते रंग मागाहून चढवलेले वाटले. उलट आहे. त्या काळी बहुतेक चित्रपट रंगवून दाखवत. फितीचे तुकडे रंगाच्या द्रावणात बुडवायचे: रात्र निळ्यात, दिव्याचा उजेड पिवळ्यात, पहाट गुलाबीत, आणि मग ते तुकडे क्रमानं जोडायचे. पुढे नकला काढताना काळी-पांढरी फीत वापरली की रंग गळायचे. बहुतेक जगानं ‘नोस्फेरातू’ अशा गळलेल्या प्रतींतूनच पाहिला.

त्यानं काय झालं ते सांगते. त्या वेळच्या कच्च्या फिल्मवर रात्रीचं बाहेरचं चित्रण करणं जवळपास अशक्य होतं, म्हणून रात्रीचे प्रसंग भर दिवसा घेतले. ऑरलॉक विसबोर्गला उतरतो, स्वतःची शवपेटी बगलेत धरून गल्लीतून जातो. माझ्या प्रतीत त्या गल्लीत लख्ख ऊन होतं. आणि याच चित्रपटाच्या शेवटी सूर्याच्या उजेडानं तो विरून जातो! स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. उन्हानं मरणारं पिशाच्च इथे, या चित्रपटातून रूढ झालं. म्हणजे ज्या नियमावर गोष्टीचा शेवट उभा आहे, तोच नियम रंग गेल्यामुळे मोडलेला दिसतो. निळा रंग तिथे शोभेसाठी नव्हता. तो नव्हता म्हणजे रात्र नव्हती.

त्यानंतर माझं काम एकदम स्पष्ट झालं. धूळ राहिली तरी चालेल, रात्र परत आली पाहिजे.

संगणकावर निळा रंग देणं सोपं वाटतं, तसं ते नाही. साध्या सोयीनं काळ्यातही निळा उतरतो आणि सगळं चित्र दुधाळ होतं. रंगाच्या द्रावणात बुडवलेल्या फितीत उजेडाची जागा रंगते, काळं काळंच राहतं, कारण तिथे चांदीचा थर उजेड अडवून बसलेला असतो. म्हणून चित्रावर एका रंगाचा थर गुणाकाराच्या पद्धतीनं द्यावा लागतो. तो दिला, आणि गल्लीतलं ऊन चांदणं झालं. नट माक्स श्रेकचा तो उंच, टकला, लांब नखांचा ऑरलॉक पेटी घेऊन चांदण्यात चालू लागला. मी ती फीत कितीतरी वेळ पुन्हापुन्हा लावून बघत बसले.

ओरखड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडली तर. साफसफाईचं यंत्र मागची फ्रेम, पुढची फ्रेम आणि मधली फ्रेम ताडून बघतं. जे मधल्या एकाच फ्रेममध्ये आहे ते धूळ समजून काढतं. तांदूळ निवडायला बसलेल्या माणसानं खड्यांबरोबर तुकडाही टाकून द्यावा, तसं ते करतं. जहाजावर शवपेटी फोडल्यावर उंदीर भसाभस बाहेर येतात. जोरात सफाई लावली की उंदरांच्या शेपट्या नाहीशा होतात, लाटांवरचे तुषार जातात. प्रयोगशाळेत मूळ फितीवरचे पाठीकडचे ओरखडे एका द्रवात भिजवून प्रकाशालाच दिसेनासे करता येतात. पण नकलेत आलेला ओरखडा हा ओरखडा राहिलेला नसतो, त्याचा फोटो निघालेला असतो. माझ्या डिस्कवरचे सगळे असेच. त्यामुळे उंदीर आणि समुद्राच्या दृश्यांत मी सफाई बंद ठेवली, आणि जे चेहऱ्यांवरून जात होते तेवढेच ओरखडे हातानं, फ्रेममागून फ्रेम, काढले. कंटाळवाणं काम आहे. एलेनचा चेहरा त्यात मला माझ्या बहिणीच्या चेहऱ्याइतका ओळखीचा झाला.

जंगलातल्या गाडीच्या प्रसंगानं मात्र पुन्हा गोंधळात पाडलं. मध्येच चित्र उलटं होतं: आकाश काळं, झाडं पांढरी. माझ्या डिस्कवर तो तुकडा इतका फिकट होता की तो बिघाडच वाटावा. पण तिथे मुर्नाऊनं निगेटिव्हच दाखवली आहे. हुटर माणसांच्या जगातून बाहेर पडतो आहे, हे त्यानं झाडांना पांढरं करून सांगितलं. तो फिकटपणा मी थोडा कमी केला, एवढंच.

पाट्या सगळ्यात शेवटी केल्या. नावं परत आणली: ऑरलॉक, हुटर, एलेन, नॉक, विसबोर्ग. पत्रं, जहाजाची नोंदवही, पिशाच्चांवरचं ते छोटं पुस्तक, या गोष्टी पात्रांच्या हातातल्या आहेत, त्या चित्राचाच भाग आहेत. त्या तशाच ठेवून खाली मराठी ओळ दिली. बाकीच्या पाट्या नव्या मांडल्या. पाटी किती वेळ ठेवायची यासाठी बाबांनाच समोर बसवलं. वाचून झालं की ते बोट वर करायचे. बाबांचं वाचन माझ्यापेक्षा सावकाश आहे, आणि चित्रपटाचा वेग एकदा जागेवर आला होता म्हणून ते सावकाशपण कुठे खटकलं नाही.

बेरियातूआंच्या पुनरुज्जीवनात एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल मला फार आदर वाटतो. ज्या मूळ पाट्या सापडल्या नाहीत त्या त्यांनी त्याच अक्षरवळणात नव्यानं केल्या, आणि अशा प्रत्येक पाटीवर प्रतिष्ठानाची आद्याक्षरं बारीक ठेवली. म्हणजे बघणाऱ्याला कळावं, हे १९२२ चं नाही, हे आम्ही घातलं. इतकं बेमालूम जमलेलं असताना ही खूण त्यांनी ठेवली. मी माझ्या मराठी पाट्यांच्या कोपऱ्यात एक छोटा ‘म’ ठेवला आहे. प्रतीबरोबर एक कागदही ठेवला आहे: चित्र कुठल्या डिस्कवरून घेतलं, वेग किती धरला, कुठली दृश्यं रंगवली, कुठे सफाई केली नाही.

संगीत घातलेलं नाही. हान्स एर्डमान यांचं मूळ संगीत पूर्ण उरलेलं नाही. बेर्न्ट हेलर यांनी ते जुळवून पुन्हा उभं केलं, ते ऐकायचं असेल तर पुनरुज्जीवित डिस्क घ्यावी.

आतेभावाशी एक वाद अजून चालू आहे. शेवटच्या प्रसंगात एलेनच्या बिछान्याशी वाकलेला ऑरलॉक दचकून मान वर करतो, कारण कोंबडा आरवला आहे. मुर्नाऊ तो कोंबडा दाखवतो, मग समोरच्या घरांवर चढणारं ऊन. आतेभावाचं म्हणणं, “ताई, तुझी पहाट जास्तच गुलाबी झालीय. जरा उतरव.” शेजारी ठेवून पाहिलं तर त्याचं बरोबर आहे, फ्रेंच प्रतीवरून केलेली पहाट माझ्यापेक्षा फिकी आहे. पण निळ्यातून गुलाबीत जाताना तो बदल बाबांच्या लगेच लक्षात आला, कोंबडा दिसायच्या आधीच ते म्हणाले, “उजाडलं बघ.” म्हणून मी अजून तो गुलाबी रंग उतरवलेला नाही. कागदावर मात्र लिहून ठेवलं आहे की ही पहाट मूळ प्रतीपेक्षा गडद आहे.